उघड्या फायलींचा हिशोब: कर्नल फाइल डिस्क्रिप्टर कुठे आणि कसे सांभाळतो?

हरिपूरकर

नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागेत आम्ही काही जण रविवारी सकाळी जमतो आणि लिनक्स कर्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) कोड वाचतो. बहुतेक इंजिनिअरिंगची मुलं आहेत, एकदोन नोकरदार, आणि मी निवृत्त. गेल्या बैठकीत एका मुलीनं विचारलं, ‘ओपन केल्यावर हातात ३ येतो, तो नक्की कशातला ३?’ तिला तोंडी उत्तर दिलं, पण विषय तेवढ्यावर सोडवेना, म्हणून धागा काढतोय. जाणकारांनी भर घालावी.

पूर्वी हरिपुरात हळद पेवात ठेवली की शेतकऱ्याच्या हाती पावती यायची. त्या पावतीवरचा नंबर त्या एका व्यापाऱ्याच्या वहीपुरता खरा. दुसऱ्याच्या दुकानी नेला तर त्या नंबराची हळद वेगळीच निघणार. फाइल उघडल्यावर कर्नल प्रोग्रामच्या हाती जो नंबर देतो तो फाइल डिस्क्रिप्टर, आणि तोही तसाच असतो. माझ्या प्रोसेसमधला ३ आणि तुमच्या प्रोसेसमधला ३ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता आतली रचना. प्रत्येक प्रोसेसची कर्नलमध्ये ‘टास्क स्ट्रक्ट’ नावाची नोंद असते. तिच्यात ‘फाइल्स स्ट्रक्ट’चा पॉइंटर (म्हणजे मेमरीतला पत्ता), त्यात ‘एफडीटेबल’चा पॉइंटर, आणि एफडीटेबलमध्ये एक साधा अ‍ॅरे. अ‍ॅरेच्या प्रत्येक खणात एकेका उघड्या फाइलच्या ‘स्ट्रक्ट फाइल’चा पत्ता. आपला ३ म्हणजे या अ‍ॅरेचा इंडेक्स, बाकी काही नाही. ०, १, २ हे इनपुट, आउटपुट आणि एररसाठी आधीच गेलेले असतात, म्हणून पहिली फाइल उघडली की ३ मिळतो.

अ‍ॅरेच्या जोडीला तीन बिटमॅप (०-१ च्या खुणांचे नकाशे) असतात. कोणते नंबर वापरात आहेत हे पहिल्यात. एक्झेक (प्रोसेसमध्ये नवा प्रोग्राम चढवणारा कॉल) झाल्यावर कोणते बंद करायचे हे दुसऱ्यात. तिसरा मोठ्या टेबलात मोकळा नंबर शोधायला कामी येतो, त्याकडे नंतर येऊ.

मला सगळ्यात सुंदर वाटतं ते सुरुवातीचं माप. ६४ बिटांच्या मशिनवर पहिले ६४ खण आणि त्यांचे बिटमॅप फाइल्स स्ट्रक्टच्या पोटातच असतात, त्यांच्यासाठी वेगळी मेमरी मागावी लागत नाही. ६४ पॉइंटर म्हणजे ५१२ बाइट, आणि प्रत्येक बिटमॅप म्हणजे फक्त एक शब्द (प्रोसेसर एका वेळी हाताळतो तो ६४ बिटांचा गठ्ठा). एलएस, कॅट, ग्रेप असले बहुतेक प्रोग्राम या ६४ च्या बाहेर कधी जातच नाहीत. बाहेर जावं लागलं की मग नवं, मोठं टेबल बनतं. आपल्या प्रोसेसचं टेबल सध्या किती खणांचं आहे ते प्रोक (कर्नल आपली माहिती दाखवतो ते फोल्डर) खालच्या स्टेटस फाइलमध्ये ‘एफडीसाइझ’ या ओळीत दिसतं.

अजिंक्यतारा

काका, छान सुरुवात. मी साताऱ्यात शेवटच्या वर्षाला आहे. एक शंका: आम्हाला तर शिकवतात की झटपट शोधायचं असेल तर हॅश टेबल नाहीतर बॅलन्स्ड ट्री. कर्नलसारख्या ठिकाणी साधा अ‍ॅरे कसा? मध्येच कुणी ५०,००० नंबरचा डिस्क्रिप्टर घेतला तर आधीचे सगळे खण वाया जाणार ना?

दुसरी शंका. अ‍ॅरेत पॉइंटर नल आहे म्हणजे खण मोकळा, हे दिसतंच की. मग त्यासाठी वेगळा बिटमॅप कशाला?

हरिपूरकर

तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पोसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाच्या एका नियमात आहे. नवा डिस्क्रिप्टर देताना त्या प्रोसेसमधला सगळ्यात लहान मोकळा नंबर द्यायचा. हा नियम जुन्या युनिक्सपासूनचा. शेल (टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) त्याच्याच जिवावर रिडायरेक्शन (आउटपुट फाइलकडे वळवणं) करत असे: १ बंद करायचा, लगेच फाइल उघडायची, तिला १ मिळणारच.

या नियमामुळे वापरातले नंबर आपोआप खालच्या बाजूला दाटीनं बसतात. दाटीनं बसलेल्या लहान आकड्यांसाठी अ‍ॅरेपेक्षा स्वस्त काही नाही. हॅशमध्ये आधी हॅश काढा, मग टक्कर झाली का पाहा; ट्रीमध्ये पातळीगणिक एक पॉइंटर मेमरीतून आणा. इथे नंबर मर्यादेत आहे का ते तपासायचं आणि थेट खणात हात घालायचा. रीड, राइट, पोल, सेंड, प्रत्येक कॉलला हे करावं लागतं. फाइल एकदा उघडतात आणि हजार वेळा वाचतात, तेव्हा वाचण्याची वाट सगळ्यात सोपी हवी, मग उघडताना थोडं जास्त काम पडलं तरी चालेल. ही सगळी रचना याच एका विचारावर उभी आहे असं माझं मत आहे.

मेमरीचा हिशोबही करून बघ. १०२४ खण म्हणजे ८ केबी पॉइंटर आणि १२८ बाइटांचा एकेक मोठा बिटमॅप. दहा लाखांवर गेलास तरी अ‍ॅरे ८ एमबीचा. ज्या सर्व्हरवर दहा लाख सॉकेट (नेटवर्कच्या जोडण्या) आहेत, तिथे सॉकेटांच्या बफरपुढे ही रक्कम काहीच नाही. कुणी मुद्दाम ५०,००० नंबर मागितला तर मात्र तू म्हणतोस तसे खण वाया जातात. तेवढं सोसायचं.

अ‍ॅरे हा काही नवा शोधही नाही. १९७५ च्या सहाव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला १५ खणांचा ठरावीक अ‍ॅरे होता, सातव्या आवृत्तीत २० चा. लिनक्स ०.११ मध्येही २० च होते, थेट टास्क स्ट्रक्टमध्ये. आकडे वाढले, पण मूळ कल्पना पन्नास वर्षं तीच आहे.

मिरजकरीण

अजिंक्यतारा, तुमच्या बिटमॅपच्या शंकेला मी उत्तर देते. मी सर्व्हर सांभाळण्याचं काम करते, त्यामुळे या भागाशी रोजचा संबंध येतो.

एक कारण सरळ आहे. ६४ खणांपैकी मोकळा कोणता हे अ‍ॅरेतून शोधायचं तर ५१२ बाइट वाचावे लागतात. बिटमॅपमध्ये तेच ८ बाइटांत कळतं, आणि शब्दातला पहिला शून्य बिट शोधायला प्रोसेसरकडे खास सूचना असतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. फाइल उघडणं एका झटक्यात होत नाही. कर्नल आधी नंबर राखून ठेवतो, म्हणजे बिटमॅपमध्ये बिट १ करतो. मग नाव शोधणं, परवानगी तपासणं, डिस्क किंवा नेटवर्कची वाट बघणं, हे सगळं होतं. ते जमलं तरच शेवटी खणात पॉइंटर बसतो. या मधल्या वेळात बिट १ आणि पॉइंटर नल अशी स्थिती असते. दुसऱ्या थ्रेडनं (त्याच प्रोसेसमध्ये समांतर चालणाऱ्या कामानं) तोच नंबर वाचायला घेतला तर त्याला ‘बॅड फाइल डिस्क्रिप्टर’ मिळतं, आणि डुप२ नं (एका नंबराची प्रत हव्या त्या नंबरावर बसवणाऱ्या कॉलनं) त्यावर काही बसवायला गेला तर ‘बिझी’. ‘राखलेला’ आणि ‘भरलेला’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत, म्हणून दोन वेगळ्या जागा. उघडणं फसलं तर बिट परत शून्य, अ‍ॅरेला हातही लागत नाही.

माहुलीकर

हरिपूरकर साहेब, तुम्ही लहानात लहान नंबराच्या नियमाचं कौतुक केलंत, पण त्याची किंमत फार कमी धरलीत. मी मूळचा साताऱ्याचा, आता पुण्यात नेटवर्कच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. आमच्याकडे हा नियम अंगावर येतो.

कर्नल ‘पुढचा मोकळा कदाचित इथे’ असा एक इशारा आकड्यात जपतो, आणि शोध तिथून सुरू करतो. खालचा एखादा नंबर बंद झाला की इशारा खाली येतो. समजा दहा लाख सॉकेट उघडे आहेत आणि तुम्ही ५ नंबर बंद केला. पुढच्या ओपनला ५ लगेच मिळतो आणि इशारा ६ वर जातो. त्याच्या पुढच्या ओपनला मात्र ६ पासून शेवटापर्यंत सगळा बिटमॅप पालथा घालावा लागतो, कारण मध्ये काहीच मोकळं नाही. म्हणजे १२८ केबी चाळायचे, तेही लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) धरून. त्या वेळात बाकीचे थ्रेड ना उघडू शकतात, ना बंद करू शकतात. ज्या सर्व्हरवर सतत जोडण्या येतात आणि जातात तिथे हे वरचेवर घडतं.

मिरजकरीण

माहुलीकर, दुखणं तुम्ही अगदी बरोबर सांगितलंत, पण त्यावर २०१५ मध्ये औषध आलं आहे. हरिपूरकर काकांनी ज्या तिसऱ्या बिटमॅपचा उल्लेख करून ठेवला तो हाच.

लिनस टोरवाल्ड्स यांनी वरच्या पातळीचा एक बिटमॅप घातला. त्यातला एक बिट खालच्या बिटमॅपच्या एका आख्ख्या शब्दासाठी. खालचे ६४ च्या ६४ नंबर भरले की वरचा बिट १. शोधताना आधी वर बघायचं, न भरलेला पहिला शब्द कोणता ते काढायचं, आणि मग फक्त त्या शब्दात उतरायचं. दहा लाख डिस्क्रिप्टरांना खालचा बिटमॅप १६,३८४ शब्दांचा होतो. वरचा फक्त २५६ शब्दांचा, म्हणजे २ केबी. तो प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या कॅशमध्येही सहज मावतो. नियम तोच राहिला आणि चाळण्याचं काम चौसष्टाव्या हिश्श्यावर आलं.

कल्पना लिनक्सच्या आधीची आहे, हेही सांगायला हवं. गौरव बंगा आणि जेफ्री मोगल यांनी १९९८ मध्येच वेब सर्व्हरवरच्या अभ्यासात हा खर्च दाखवून दुपातळी बिटमॅप सुचवला होता. ओपनबीएसडी आणि नेटबीएसडीमध्येही वरचा आणि खालचा असे दोन नकाशे आहेत. सोलारिसनं वेगळी वाट धरली: अ‍ॅरेच्याच खणांवर एक बायनरी ट्री कल्पून प्रत्येक खणात त्याच्या फांदीत किती नंबर वापरात आहेत ते लिहून ठेवलं, त्यामुळे सगळ्यात लहान मोकळा नंबर लॉगरिदमइतक्या मोजक्या पायऱ्यांत सापडतो. कागदावर सोलारिसची रीत जास्त देखणी आहे. पण प्रत्येक उघडझाकीला तिथे ट्रीच्या कडेनं आकडे बदलत जावे लागतात, आणि २ केबी चाळणं आजच्या प्रोसेसरला इतकं हलकं आहे की मला लिनक्सची रीत पटते.

माहुलीकर

चाळण्याचा खर्च उतरला, हे मान्य. लॉक मात्र तसंच आहे. चाळीस थ्रेड एकदम अ‍ॅक्सेप्ट (नवी जोडणी स्वीकारणारा कॉल) करत असतील तर सगळे त्या एका लॉकपाशी रांग लावतात, कारण ‘सगळ्यात लहान’ नंबर एकच असतो आणि तो कुणाचा हे ठरवायला एकमेकांना थांबवावंच लागतं. कुठलाही नंबर चालेल म्हणणाऱ्यांना वेगळी सोय हवी. २००७ मध्ये दाविदे लिबेन्झी यांनी क्रमाबाहेरचे डिस्क्रिप्टर देण्याचे पॅच मांडले होते, ते मुख्य कर्नलमध्ये गेले नाहीत. आज आयओ-युरिंगमध्ये (रिंगसारख्या रांगेतून कर्नलकडे कामं सोपवण्याची सोय) ५.१५ पासून थेट डिस्क्रिप्टर मिळतात, ते या टेबलात येतच नाहीत, त्यांचं टेबल त्या रिंगपुरतं वेगळं. मला तीच दिशा योग्य वाटते.

हरिपूरकर

ज्याला हवं त्याला वेगळी वाट असावी, याला माझी ना नाही. पण सर्वसाधारण ओपनचा नियम ढिला केला तर नंबर विखुरतील, आणि मग अ‍ॅरेच परवडणार नाही. वाचण्याची वाट महाग होईल, ती सगळ्यांसाठी. म्हणून मूळ नियम टिकावा असं मी म्हणतो.

आता वाचण्याची वाट खरंच किती स्वस्त आहे ते लिहितो. माझ्या मते या विषयाचा गाभा इथे आहे.

पूर्वी नंबरवरून फाइल काढायला लॉक घ्यावं लागे. २००५ मध्ये, २.६.१४ या आवृत्तीत, दीपांकर सरमा यांच्या कामामुळे ते गेलं आणि आरसीयू (लॉकविना वाचू देणारी पद्धत) आलं. वाचणारा लॉक घेत नाही. टेबलचा पॉइंटर वाचतो, खणातला पत्ता वाचतो, त्या फाइलची संदर्भसंख्या (किती जण ती वापरताहेत तो आकडा) शून्य नसेल तरच एकनं वाढवतो, आणि मग परत एकदा खणात डोकावतो: अजून तोच पत्ता आहे ना? असेल तर काम झालं. मधल्या मध्ये कुणी ती बंद करून नवी उघडली असेल तर जे हाती लागलं ते सोडून पुन्हा पहिल्यापासून. टेबल वाढवताना जुनं टेबल लगेच फेकत नाहीत; ज्यांनी ते वाचायला धरलं आहे ते सगळे बाहेर पडेपर्यंत राखून ठेवतात. मर्यादा, अ‍ॅरे आणि बिटमॅप यांना वेगळा एफडीटेबल करून एका पॉइंटरमागे ठेवलं ते यासाठीच. तो एक पॉइंटर बदलला की अ‍ॅरे आणि त्याची मर्यादा दोन्ही एकदम बदलतात. जुन्या अ‍ॅरेला नवी मर्यादा लावली गेली असं कधी होत नाही.

त्याहून एक पायरी पुढे. टेबल एकाच थ्रेडच्या हाती असेल तर सिस्टिम कॉल चालू असताना दुसरं कुणी येऊन फाइल बंद करूच शकत नाही. मग संदर्भसंख्या तरी कशाला वाढवायची? कर्नल अशा वेळी ती वाढवतच नाही. साध्या एकथ्रेडी प्रोग्रामच्या रीडमध्ये हे शोधकाम म्हणजे दोनतीन मेमरीवाचनं आणि एक तुलना. २०१८ च्या स्पेक्टर (प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी) प्रकरणानंतर त्यात इंडेक्सला मुखवटा लावण्याची एक छोटी क्रिया वाढली, म्हणजे प्रोसेसरनं अंदाजानं पुढे धावताना अ‍ॅरेबाहेर डोकावू नये.

तासगाव_बाग

मंडळी, मी शांतपणे वाचत होतो, पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही. आमच्याकडे द्राक्षबागांतल्या ओलावा मोजणाऱ्या सेन्सरांचा डेटा एका सर्व्हरवर येतो. प्रोग्राम बाहेरून करून घेतलाय, पण सोर्स आमच्याकडे आहे. शेतीची वीज आली की सगळे सेन्सर एकदम जोडायला येतात. तेव्हा एसट्रेसमध्ये (सिस्टिम कॉल दाखवणारं साधन) दिसतं की एरवी काही मायक्रोसेकंदांत होणारा अ‍ॅक्सेप्ट मध्येच एकदा मिलिसेकंदांवर जातो. उघड्या सॉकेटांचा आकडा साधारण २५६, ५१२, १०२४ च्या आसपास असतानाच हे होतं. प्रोग्रामला बरेच थ्रेड आहेत. याचा या टेबलाशी संबंध असेल का?

मिरजकरीण

दादा, संबंध आहे, आणि तुम्ही आकडे इतके नीट टिपलेत की निदान सोपं झालं.

टेबल भरलं की कर्नल ते दुपटीच्या टप्प्यानं वाढवतो. नवी मेमरी घेणं आणि जुने पॉइंटर उतरवणं हे काम लहान आहे. वेळ जातो तो वेगळ्याच ठिकाणी. टेबल एकापेक्षा जास्त थ्रेडांत वाटलेलं असेल तर कॉपी करण्याआधी कर्नल आरसीयूचा पूर्ण एक कालखंड थांबतो, म्हणजे सगळे प्रोसेसर आपापल्या चालू वाचनातून बाहेर पडेपर्यंत. खणात पॉइंटर बसवण्याचं कामही एरवी लॉकशिवाय चालतं. ‘टेबल वाढतंय’ ही खूण सगळ्यांनी पाहिली आहे याची खात्री होण्याआधी कॉपी सुरू केली, तर कुणीतरी जुन्या टेबलात बसवलेला पॉइंटर नव्यात यायचा राहून जाईल. ते टाळायला हे थांबणं लागतं, आणि ते मिलिसेकंदांत मोजावं इतकं असतं. एकथ्रेडी प्रोग्रामला हे थांबणं लागू नाही.

उपाय असा: थ्रेड सुरू करायच्या आधीच टेबल मोठं करून घ्या. डेव्ह-नल (लिहिलेलं सगळं गिळून टाकणारी फाइल) उघडा, डुप२ नं ती एखाद्या मोठ्या नंबरवर बसवा, समजा ८१९१, आणि दोन्ही बंद करा. टेबल एकदा वाढलं की प्रोसेस जिवंत असेपर्यंत आकसत नाही. तो नंबर तुमच्या सॉफ्ट मर्यादेच्या (प्रोसेस स्वतः हार्ड मर्यादेपर्यंत वाढवू शकते ती) आत हवा, नाहीतर डुप२ फसेल.

क्रमाकडे लक्ष द्या. फोर्क (प्रोसेसची प्रत काढणं) झाल्यावर मुलाला, म्हणजे नव्या प्रोसेसला, जे टेबल मिळतं ते खरोखर उघड्या असलेल्या शेवटच्या नंबरापुरतंच कापून मिळतं. तुमचा प्रोग्राम सुरुवातीला फोर्क करून मागे (बॅकग्राउंडला) जात असेल तर आधी मागे जाऊ द्या, मग टेबल वाढवा, आणि त्यानंतर थ्रेड.

तासगाव_बाग

ताई, केलं. प्रोग्राम खरंच फोर्क करून मागे जातो, म्हणून तुम्ही सांगितलेल्या क्रमानेच ओळी घातल्या. आज वीज आल्यावर एसट्रेस लावून बसलो होतो. २५६, ५१२, १०२४ तिन्ही ठिकाणचे ते खडे गेले. एफडीसाइझ सुरुवातीपासून ८१९२ दाखवतोय. मनापासून आभार.

अजिंक्यतारा

ताई, फोर्कवरून आठवलं. मुलाला टेबलाची प्रत मिळते, तर मग बाप आणि मूल एकाच लॉग फाइलमध्ये लिहितात तेव्हा एकमेकांच्या ओळींवर कसे लिहीत नाहीत? दोघांची वाचण्या-लिहिण्याची जागा वेगळी व्हायला हवी ना?

हरिपूरकर

प्रत होते ती फक्त खणांची. खणातले पत्ते त्याच स्ट्रक्ट फाइलकडे जातात, तिची संदर्भसंख्या तेवढी वाढते. फाइलमध्ये आपण कुठवर आलो हा ऑफसेट टेबलात नसतो, स्ट्रक्ट फाइलमध्ये असतो. म्हणून फोर्क किंवा डुप केलं तर ऑफसेट सामाईक राहतो, आणि तीच फाइल नव्यानं ओपन केली तर स्वतंत्र मिळतो. याउलट ‘एक्झेकनंतर बंद कर’ ही खूण टेबलाच्या बिटमॅपमध्ये असते, म्हणून ती प्रत्येक नंबराची वेगळी. डुप केल्यावर नव्या नंबराला ती लागत नाही. कोणती गोष्ट कुठे ठेवली आहे एवढं पक्कं कळलं की फोर्क-डुपची बरीच कोडी आपोआप सुटतात.

आता फाइल उघडतानाच ती खूण लावत जा, २.६.२३ पासून त्यासाठी ओपनला झेंडा देता येतो. उघडून मग वेगळ्या कॉलनं लावायची म्हटलं तर मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडनं फोर्क-एक्झेक केलं की फाइल परक्या प्रोग्रामच्या हाती जाते. आणि मुलात सगळं बंद करायचं असेल तर लाखभर क्लोजचा लूप नको. ५.९ पासून क्लोज-रेंज आहे, एका कॉलमध्ये अमुक ते तमुक नंबर बंद.

अजिंक्यतारा

आणि ही १०२४ ची मर्यादा? यूलिमिट या आज्ञेत दिसते ती. टेबल वाढू शकतं तर इतकी कमी का ठेवलीय?

माहुलीकर

टेबलासाठी नाही, सिलेक्टसाठी, म्हणजे अनेक डिस्क्रिप्टरांवर एकदम नजर ठेवणाऱ्या जुन्या कॉलसाठी. जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये सिलेक्टचा बिटसंच १०२४ बिटांचा ठरलेला आहे. त्यापुढचा नंबर त्यात घातला तर प्रोग्राम स्वतःचीच मेमरी खराब करतो, आणि कुणी अडवत नाही. जुने प्रोग्राम सुरक्षित राहावेत म्हणून सॉफ्ट मर्यादा १०२४ वर आहे. सिस्टिमडीनं (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्राम) २४० या आवृत्तीत, २०१८ मध्ये, हार्ड मर्यादा ५,२४,२८८ केली आणि सॉफ्ट मुद्दाम तशीच ठेवली. ज्याचा प्रोग्राम ईपोल किंवा पोल (सिलेक्टच्याच कामाचे दुसरे कॉल) वापरतो त्यानं सुरू होताना स्वतःची सॉफ्ट मर्यादा वर न्यावी. त्याच्याही वर कर्नलची प्रत्येक प्रोसेसची कमाल ‘एनआर-ओपन’ असते, ती मुळात १०,४८,५७६.

तासगावकर, तुमच्यासाठी एक जोड. मर्यादा संपली की अ‍ॅक्सेप्ट २४ नंबरची एरर देतो, पण आलेली जोडणी रांगेत तशीच राहते. ईपोल ‘कुणीतरी आलंय’ म्हणून पुन्हा पुन्हा उठवतो आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. यासाठी डेव्ह-नल उघडून एक नंबर राखीव धरतात. एरर आली की तो बंद करायचा, त्या जागी जोडणी घ्यायची, लगेच ती बंद करायची आणि राखीव परत उघडायचा. रांग मोकळी होत राहते. तुमच्या बहुथ्रेडी प्रोग्रामात हे एकाच थ्रेडकडे द्या, नाहीतर मोकळा केलेला नंबर दुसराच उचलेल.

तासगाव_बाग

घेतो हे करून. एक शेवटचं: सध्या किती उघडे आहेत हे दर मिनिटाला मोजायचंय. एफडीसाइझ तर आता कायम ८१९२ च दाखवणार.

मिरजकरीण

हो, एफडीसाइझ म्हणजे खणांची संख्या, भरलेल्यांची नव्हे. प्रोकमधल्या त्या प्रोसेसच्या एफडी फोल्डरमधल्या नोंदी मोजा. कर्नल ६.२ किंवा पुढचा असेल तर मोजायचीही गरज नाही: त्या फोल्डरवर स्टॅट चालवलं की ‘साइझ’मध्ये उघड्या डिस्क्रिप्टरांची संख्याच येते, आणि ती कर्नल याच बिटमॅपमधले एक असलेले बिट मोजून देतो.